पाहऱ्यावरचा पंप

वनजाकाकूंच्या हॉलमध्ये समुद्र होता. वेंगुर्ल्याच्या कमलिनीला तो आधी ऐकू आला आणि मग दिसला.

ती आणि कुशल तेव्हा जयलक्ष्मीपुरमला घर शोधत हिंडत होते. कुशलला म्हैसुरात नोकरी लागलेली, कमलिनीला सातवा महिना, आणि वरचा मजला दाखवण्याआधी घरमालकीणबाईंनी दोघांना खाली बसवून लिंबाचं सरबत दिलेलं. कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता. बारीक, न थांबणारा.

"काकू, नळ राहिलाय वाटतं कुठला," कमलिनी म्हणाली.

"नळ नव्हे गं," असं म्हणत वनजाकाकूंनी कोपऱ्यातला पडदा सारला.

चार फुटी काचेची टाकी. आत निळसर उजेड. खडकांच्या कपारीकपारीतून कोरलचे पंखे, गुच्छ, बशा उमललेल्या. एकाला हरणाच्या शिंगांसारखे फाटे होते आणि प्रत्येक फाट्याचं टोक असं निळं, की आजवर आपण निळा म्हणत आलो तो रंग धुवट वाटावा. शेजारी जाड केसरांचं एक समुद्रफूल, आणि त्या केसरांत अंग घासत दोन नारिंगी मासे, जुन्या नवराबायकोसारखे एकमेकांवर करवादणारे. आवाज होता पंपाचा. खालच्या कपाटातल्या टाकीतून तो पाणी वर चढवत होता आणि ते पाणी पुन्हा खाली पडत होतं.

कमलिनी काचेपाशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "आम्हाला घर पसंत आहे."

"अगं, वर गळतं का ते तरी बघू," कुशल कुजबुजला.

गळत होतं. तरी त्यांनी घर घेतलं.

वनजाकाकूंची उभी नोकरी एका कॉलेजात मुलींना प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं शिकवण्यात गेली. बाटलीतलं कोरल, बाटलीतलं समुद्रफूल; औषधात बुडवलेलं, उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचं. "मुली विचारत, मॅडम, हे जिवंत असताना कसं दिसतं? मी पुस्तकात वाचलेलं सांगायची. मी तरी कुठं पाहिलं होतं?" निवृत्त झाल्यावर त्यांनी टाकी आणली, आणि तिच्यात नुसते दगड व खारं पाणी भरून महिनोन्‌महिने ठेवली. एक मासा नाही. आळीतल्या बायका येत, काचेत डोकावत आणि काकूंचे यजमान वासुदेवराव यांना विचारत, "काय हो, वनजाबाई नुसतं पाणी पाळतात काय?" माशांच्या घाणीतलं विष पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव आधी दगडांवर वसायला हवे होते. ते वसेपर्यंत काकू थांबल्या. समुद्रातून ओरबाडलेलं काही आणायचं नाही हाही त्यांचा हट्ट. बेंगळुरात चिदंबर नावाचा एक छंदिष्ट होता. त्याच्या घरच्या टाकीत वाढलेल्या कोरलचे नखाएवढे तुकडे काकू पाण्याच्या पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून, बसनं आणत. हाताच्या पंजाएवढं झालेलं ते निळं शिंगही तसंच आलेलं. नखाएवढं.

अवनी झाली आणि कमलिनीच्या दुपारी खालच्या हॉलमध्ये सरू लागल्या. वर असताना तिच्या हातून एक काम धड पुरं होत नसे. वरण खाली लागे, कपडे भिजतच राहत, केसांत फणी अडकवून ती तशीच दारापर्यंत जाऊन येई. खाली मात्र पोर काचेला दोन्ही पंजे लावून गप्प बसे, आणि काकू कमलिनीला एकेक बारीक काम देत. पहिल्याच दिवशी टाकीतलं पाणी थोडं कमी दिसलं म्हणून कमलिनी खाऱ्या पाण्याची बादली उचलायला गेली.

"थांब थांब! खारं नव्हे, साधं, गाळलेलं. मीठ उडून जात नाही, कमलिनी. उडतं ते पाणी. खाऱ्यात खारं घालत गेलीस तर लोणचं घालशील माझ्या माशांचं."

समुद्रकाठी वाढलेल्या कमलिनीला म्हैसुरात बसून समुद्र नव्यानं शिकावा लागत होता. तिला त्याची लाज वाटली नाही. काकू ज्या निगुतीनं त्या पाण्याकडे बघत, तसं कुणी आपल्या वेंगुर्ल्याच्या समुद्राकडे बघितलेलं तिला आठवत नव्हतं.

अशाच एका दुपारी काकू हळूच म्हणाल्या, "माझं निळं तपकिरी पडायला लागलंय. वर्ष झालं. दिवे बदलले, पाणी बदललं, काही उपयोग नाही. कोरल तपकिरी पडलं म्हणजे आजारी पडलं."

कमलिनीनं काचेला नाक लावलं. "तपकिरी कुठं? काकू, मोरपिसासारखं आहे हे."

"सुम्मने, उगाच मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"अवनीची शपथ."

काकू उठल्या. मग त्यांनी पाणी तपासायची नळी आणली. नळीतल्या पाण्याचा रंग कागदावरच्या पट्ट्यांशी जुळवायचा असतो. काकूंनी एका पट्टीवर बोट ठेवलं, कमलिनीनं दुसऱ्याच. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. आजारी कोरल नव्हतंच. काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, आणि वर्षभर त्या आपला समुद्र चहाच्या पाण्यातून बघत होत्या.

ऑपरेशन बेंगळुरात ठरलं, मुलीकडे. सहानाला रजा दसऱ्यातच मिळत होती, म्हणून यंदाच्या नवरात्रात एकेक करून दोन्ही डोळे उरकायचे. घट या वर्षी धाकट्या जावेकडे बसवले. वासुदेवरावांना मात्र जाता येईना. त्यांचे पूर्वज मराठी शिपाई, म्हैसूरच्या महाराजांच्या चाकरीत इथं आलेले. घरातली तलवार आता त्यांच्याकडे, आणि खंडेनवमीला तिची पूजा घरातल्या वडील माणसानंच करायची. ती तलवार पणजोबा वेंकोजीरावांची. वेंकोजीराव राजवाड्याच्या दरवाज्यावर पाहऱ्याला होते, आणि त्यांची गोष्ट ऐकल्याशिवाय वासुदेवरावांच्या हातचा भाड्याचा कागद कुणाला मिळत नसे. कमलिनीनं ती अवनीला थोपटता थोपटता बऱ्याचदा ऐकली होती, अर्धी अर्धी.

निघताना काकूंनी कमलिनीचा हात धरला. "पट्टी निघाली की सहानाचं तोंड आधी दिसणार, त्याला इलाज नाही. पण मन लावून पहिलं बघणार ते माझं निळं. मला आता आठवतच नाही गं ते कसं होतं. टाकी तुझ्यावर."

"काकू, माझं वरणसुद्धा रोज खाली लागतं."

"लागू दे की. वरणाला पंप नसतो. इथं अर्धं काम पंप करतो. टाकी सांभाळणं म्हणजे बारा आणे बघणं आणि चार आणे हात घालणं. तू बघत राहा."

मग कमलिनी बघत राहिली. पाणी खुणेपर्यंत घालायचं, चिमूटभर खाणं टाकायचं, आणि बघायचं. ऑपरेशन छान झाल्याचा सहानाचा फोन आला. "आईला वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. ती रडण्याइतकं कुणी काही सांगू नका म्हणजे झालं," असं सांगून तिनं फोन ठेवला.

खंडेनवमी उजाडली. रस्त्यावर कोहळे फुटत होते, स्कूटरींच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडत होत्या. कुशल गाडीला हार घालून ऑफिसच्या पूजेला गेला. कमलिनी अवनीला कडेवर घेऊन जिना उतरली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. काहीतरी नेहमीचं तिथं नव्हतं. काय ते कळायला तिला क्षणभर लागलं.

आवाज नव्हता.

टाकीतलं पाणी ताटात ओतल्यासारखं निपचित होतं. वर बारीक साय धरलेली. दोन्ही नारिंगी मासे पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करत उभे होते. समुद्रफूल आकसून चिंचोक्यासारखं झालेलं. आणि निळ्या शिंगांवर एरवी मखमलीसारखी जी लव हलत असे, ती सगळी आत गेली होती. उरली होती नुसती उघडी काडी.

देवापुढे पाट मांडलेला. पाटावर वेंकोजीरावांची तलवार, शेजारी विळी, सुरी, शिवणाची कात्री, स्कूटरची किल्ली. आणि मधोमध, हळदकुंकू लावलेला, मोगऱ्याचा गजरा घातलेला, काकूंचा मोठा पंप. शेजारी पाण्यात लाटा काढणारा धाकटा पंपही.

"काका! पंप!"

सोवळं नेसलेले वासुदेवराव हौसेनं वळले. "नोडु, बघ कसा लखलखतोय! चिंच लावून घासला, पितळेची भांडी घासतात तसा. केवढा चुना बसला होता त्याच्यावर!"

"कधी काढलात?"

"पहाटे. हत्यारं पहाटेच उतरवायची. आज त्यांची विश्रांती."

"काका, मासे मरतील. पाणी थांबलं की त्यातली हवा संपते."

"मरतील कसे? दर वर्षी पंप पाटावर असतो, कणम्मा. वनजाच काढून, पुसून हातात देते माझ्या. उद्या पूजा झाली की परत बसवते. कधी काही झालं नाही."

कमलिनीला हे कोडं उलगडेना. पण कोडं सोडवत बसायला वेळ नव्हता. मासे तोंड वासत होते. तिनं अवनीला जमिनीवर बसवलं, स्वयंपाकघरातून तांब्या आणला, साबणाचा अंश नको म्हणून नुसत्या गाळलेल्या पाण्यानं विसळला, आणि टाकीतलं पाणी तांब्यानं उचलून उंचावरून टाकीतच ओतायला लागली. खळ्ळ. खळ्ळ. बुडबुडे आत जात होते. अवनीला हा खेळ फार आवडला. ती टाळ्या पिटू लागली.

"हे काय करतेस?"

"पंपाचं काम."

वासुदेवराव काचेशी वाकले. चष्मा सारखा केला. माशांकडे त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची पूजेची हौस हळूहळू उतरली. त्यांनी दुसरा तांब्या आणला.

दोघं ओतत राहिली. कमलिनीनं मधेच चिदंबरला फोन लावून पाहिला, वाजत राहिला. दुकानं तर आज उघडणारच नव्हती. काकूंचं नाव डोळ्यासमोर होतं, पण तिनं बोट मागं घेतलं. त्यांना कळलं तर त्या रडतील, नाहीतर पहिल्या बसनं निघतील. दोन्ही वाईट.

"काका, उद्यापर्यंत आपले हात पुरायचे नाहीत. पंप परत बसवू या."

"तेवढं सोडून बोल." वासुदेवरावांचा तांब्या थांबला नाही. "पाटावर ठेवलेलं उचलायचं नाही. आमच्या घरात कोणी उचललं नाही. आणि यंदा तर नाहीच नाही. तिचा डोळा आहे तिकडे. म्हणून तर मी सगळं माझ्या हातानं केलं, शास्त्रानं केलं. तिचं सगळ्यात मोठं हत्यार तेच, अल्वा, होय ना? आता ते पाटावरून ओढून काढू, आणि तिकडे काही झालं तर?"

कमलिनीला त्यांचा राग येत होता तो तिथंच विरला. हा माणूस हट्टानं अडून बसलेला नव्हता, घाबरलेला होता. बायकोच्या डोळ्यासाठी त्यानं चिंचेनं पंप घासला होता, आणि त्याच पायी तिचा समुद्र मरत होता. घाबरलेल्या माणसाला हवा, प्राणवायू सांगून काही उपयोग नव्हता. तिला त्यांच्याच घरातलं काहीतरी हवं होतं.

खळ्ळ. खळ्ळ. अवनीला पेंग आली. तिला मांडीवर घेऊन एका हातानं ओतताना कमलिनीच्या डोक्यात त्या अर्ध्या अर्ध्या ऐकलेल्या गोष्टीतला एक तुकडा वर आला.

"काका, वेंकोजीराव खंडेनवमीला पाहऱ्यावर होते ना?"

"होते तर. राजवाड्याच्या दरवाज्यावर."

"मग त्या दिवशी त्यांची तलवार कुठल्या पाटावर ठेवली होती?"

"छे! पाटावर कशी ठेवतील? दरवाजा उघडा टाकून? पूजाऱ्यालाच जावं लागलं तिथं. हातातल्या तलवारीला हातातच कुंकू लावलं. पाहऱ्यावरचं हत्यार खाली..."

वासुदेवराव थांबले. तांब्यातलं पाणी त्यांच्या सोवळ्यावर सांडत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पाटाकडे पाहिलं, मग टाकीकडे.

"अय्यो," ते हळूच म्हणाले. "हा तर पाहऱ्यावरचा."

त्यांनी तांब्या ठेवला. पाटापुढे उभं राहून दोन्ही गालांवर हलक्या चापट्या मारून घेतल्या, वाकून नमस्कार केला, आणि दोन्ही हातांवर, तलवार उचलावी तसा, पंप उचलला. गजरा सोडून तलवारीला घातला. कुंकू धुवायला लागले तर कमलिनीनं गाळलेल्या पाण्याची बादलीच पुढे केली. लाल उतरेपर्यंत, मग पिवळं उतरेपर्यंत, मग चिंचेचा वास जाईपर्यंत दोघांनी तो पंप खळबळून धुतला. धाकट्याचंही तसंच. झोपमोड झालेली अवनी भोकाड पसरून रडत होती. कमलिनीनं खांद्यापर्यंत हात खालच्या टाकीत घालून चाचपडत नळी बसवली. काकूंना हे करताना तिनं कितीदा पाहिलं होतं! बारा आणे बघणं आता कामी येत होतं.

"लावा काका."

बटण दाबलं. पंप खोकला, गुरगुरला, हवा थुंकला. आणि मग वरच्या नळीतून पाण्याची अशी धार सुटली की दोघंही दचकली. चुना गेला होता ना. चिंचेनं घासलेला पंप नव्यासारखा धावत होता.

"आयतु, झालं," वासुदेवराव म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले. थोड्या वेळानं उठून त्यांनी हळदकुंकवाचं ताट आणलं.

"काचेच्या बाहेरून," कमलिनीनं बजावलं.

"बाहेरूनच की. पाहरेकऱ्याला कोण धक्का देतो?" त्यांनी काचेच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं, झेंडूची माळ टाकीच्या कठड्याला बांधली, आणि वाहत्या पाण्याला उभ्या उभ्या ओवाळलं.

माशांचं तोंड वासणं तासाभरात थांबलं आणि भांडण पुन्हा सुरू झालं. समुद्रफूल संध्याकाळी उमलायला लागलं. वेंगुर्ल्याच्या खडकांवर ओहोटीला ही फुलं अशीच मुठी आवळून बसतात आणि भरती आली की उघडतात, असं कमलिनीनं वासुदेवरावांना सांगितलं. "लहान ओहोटी समजून बसलं असेल ते." पण निळं शिंग तसंच उघडं राहिलं. त्याच्या काठाला एक फिकट, पांढुरकी कडाही दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सगळं शहर हत्तींची मिरवणूक बघायला लोटलं होतं, कुशलही बोलवत होता. कमलिनी काचेपुढे बसून राहिली. अवनीला तिथंच पाजलं, तिथंच भात भरवला. त्या शिंगावर दिवसभर काही हललं नाही.

लव बाहेर आली ती आणखी एक दिवस गेल्यावर, सकाळच्या पहिल्या दिव्यात. आधी एका फाट्यावर, संशय यावा इतकी. मग शेजारच्या. कमलिनीनं वर जाऊन झोपलेल्या कुशलला हलवलं, त्याच्या तोंडून "बरं झालं" एवढंच निघालं, आणि तेवढ्यावर तिचे डोळे भरून आले.

वनजाकाकू परत आल्या त्या काळा चष्मा लावून, सहानाचा हात धरून. पायातल्या चपला दारात निघाल्या न निघाल्या तोच त्या टाकीपाशी गेल्या. कमलिनीनं खुर्ची सरकवली. काकूंनी चष्मा काढला.

त्या खुर्चीच्या कडेशी सरकून बसल्या. मासे आले, गेले. पाणी पडत राहिलं.

"एवढं निळं?" काकू शेवटी म्हणाल्या. "एवढं निळं होतं आणि मी याला औषधं शोधत बसले होते?"

"आई, डोळ्यात पाणी नको," सहाना म्हणाली.

"नाही गं बाई, नाही." काकूंनी वर बघत पापण्या मिटून घेतल्या, पुन्हा उघडल्या, आणि त्यांना कठड्याची सुकलेली माळ दिसली. "ही इथं कशाला?"

वासुदेवरावांनी लपवलं नाही. पहाटेपासूनचं सगळं सांगितलं, चिंचेसकट. "इतकी वर्षं मी तुझ्याकडून पाहऱ्यावरचं हत्यार उतरवून घेत होतो. एका शब्दानं बोलली नाहीस मला."

काकूंनी कमलिनीकडे पाहिलं. ओठ घट्ट दाबलेले, पण हसू कडांनी बाहेर येत होतं. त्या आत गेल्या, तांदळाच्या डब्यामागून कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि वासुदेवरावांच्या हातात दिलं. तसाच पंप. जुना, जळालेला.

"दर वर्षीचा तो हा. यंदा निघायच्या गडबडीत कमलिनीला सांगायचं राहिलं."

"म्हणजे मी मेलेल्या पंपाला हळदकुंकू लावत होतो?" वासुदेवराव ताठ झाले. "फसवलंस होय गं!"

"मेलेला कशाला म्हणायचं? पेन्शनीत निघालेला म्हणा. शिपाई पेन्शनीत गेला म्हणून त्याचा मान जातो का?"

वासुदेवरावांनी तो पंप उलटापालटा करून पाहिला. "चिंच लावायला हवी याला," ते पुटपुटले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

काकू पुन्हा काचेपुढे बसल्या. अवनी रांगत आली, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तिनं काचेला आपले दोन्ही पंजे लावले. इतके दिवस रंग सांगायचं काम कमलिनीचं होतं. आता काकूंनी बोट पुढे केलं.

"कमलिनी, त्या डाव्या फाट्याच्या बुडाशी बघ. नवीन टोक फुटतंय. तुला दिसलं नव्हतं?"

कमलिनी वाकली. तिथं, त्या दिवशीच्या पांढुरक्या कडेच्या जरा खाली, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी होतं. फिकट, आणि निळं.

"नव्हतं हो काकू," ती म्हणाली, आणि अजून जवळ वाकली.